पश्चिम किनाऱ्याचा महामार्ग आणि देवांची वाट

पनवेलहून निघून महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडू अशा पाच राज्यांतून कन्याकुमारीस पोहोचणारा सुमारे १६०० किलोमीटरांचा जो राष्ट्रीय महामार्ग, त्यास आपल्याकडे सरसकट ‘मुंबई-गोवा रस्ता’ म्हणण्याची चाल पडली आहे. जणू मडगाव गाठले की रस्ताच संपला! पूर्वी याचा क्रमांक १७ होता व तो कोचीनजीक एडापल्ली येथे संपत असे. २०१० साली देशातील महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा तो ६६ झाला आणि त्याची अखेर थेट कन्याकुमारीपर्यंत गेली. पण हा झाला सरकारी दप्तरातला इतिहास. आम्हांस सांगावयाचे आहे ते त्याहून फार जुने आहे. कारण गोव्यात हा रस्ता ज्या गावांतून जातो, त्यांपैकी कित्येक गावे आपल्या कुलदैवतांनी एके काळी सोडलेली गावे आहेत.

कोकणची जुनी वाहतूक मुळात दक्षिणोत्तर नव्हतीच. माल बंदरात उतरावयाचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जावयाचा, हा शेकडो वर्षांचा क्रम. ज्यास किनाऱ्याने लांब जावयाचे, तो गलबतात बसे. पुढे आगबोटी आल्या. पायी निघालेल्या वाटसरूची वाट मात्र पुन्हा पुन्हा खाडीशी येऊन अडे. सावित्री, वासिष्ठी, तेरेखोल, मांडवी, जुवारी, काळी, गंगावळी, अघनाशिनी, शरावती! प्रत्येक पात्रापाशी तर, आणि प्रत्येक तरीपाशी भरती-ओहोटीचा हिशेब. या किनाऱ्याच्या रस्त्याचा इतिहास हा वस्तुतः त्याच्या तरींचा इतिहास होय.

त्यांतील एका तरीपाशी आपण क्षणभर थांबू. पणजीहून दक्षिणेस निघालेला प्रवासी आगशीस जुवारीच्या काठी येतो, पैलतीरी कुठ्ठाळी. हीच ती कुशस्थळी, श्रीमंगेशाचे मूळ स्थान. स्थळपुराणे जुवारीस अघनाशिनी म्हणतात. पोर्तुगीजांच्या धर्मच्छळाची झळ साष्टीस पोहोचू लागली, तेव्हा १५६० च्या सुमारास महाजनांनी मंगेशाचे लिंग नदीपार नेले आणि त्या वेळी पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या अंत्रुज महालात, प्रियोळ येथे, त्याची स्थापना केली. कुठ्ठाळीस लागूनच केळोशी. तेथील शांतादुर्गा कवळ्यास गेली. थोडे पुढे वेर्णा, जेथील म्हाळसा म्हार्दोळास आली. १५६७ साली साष्टीतील देवळांचा सरसकट विध्वंस झाला, परंतु तत्पूर्वीच यांतील अनेक देवता सुरक्षित स्थळी पोहोचल्या होत्या. मडगावचा दामोदरही असाच जांबावलीस गेला. आज वेर्ण्याच्या पठारावरून मोटार भरधाव जाते, तेव्हा आपण म्हाळसेच्या माहेरातून जात आहोत हे कितीजणांच्या ध्यानी येत असेल? तेथे मूळ जागी अलीकडे पुन्हा देऊळ उभे राहिले आहे, ही समाधानाची गोष्ट.

अंतराच्या दृष्टीने पाहिले तर हे स्थलांतर काही कोसांचेच. पण वाचकांनी त्या काळचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. नदीच्या ऐलतीरावर देव असणे हा गुन्हा आणि पैलतीरावर त्याच देवाची पूजाअर्चा निर्वेध! एका होडीच्या खेपेत सगळे भवितव्य सामावलेले होते.

देव नदीपार गेले, तशी माणसेही गेली. आणि पुष्कळ कुटुंबे अंत्रुजात न थांबता दक्षिणेस चालू लागली, वा गलबतांतून गेली. त्यांची वस्ती कोठे कोठे झाली हे पाहावयाचे असेल, तर आजच्या महामार्गाचा नकाशाच पुढे घ्यावा : कारवार, अंकोला, कुमठा, होन्नावर, भटकळ, मंगळूर, कोची. काणकोणात पर्तगाळीचा मठ या रस्त्यापासून दूर नाही. भटकळच्या अलीकडे शिराळीचा चित्रापूर मठ आहे. कोचीपर्यंत गेलेल्यांनी आपली भाषा तर टाकली नाहीच, पण तिचा एक अमोल पुरावाही मागे ठेवला. मलबारच्या वनस्पतींवरील ‘होर्तुस मलबारिकुस’ या डच ग्रंथास रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी वैद्यांनी १६७५ साली जे प्रमाणपत्र लिहून दिले, ते नागरी लिपीत व कोंकणीत आहे. गोव्यापासून इतक्या दूर, शतकभरानंतर!

पुढे राजकीय सीमांनीही हा रस्ता अडविला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या वेशीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला व कित्येकजण हुतात्मे झाले. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरच ही वेस मोकळी झाली आणि मग पुलांची कामे निघाली. जुवारीवरील पूल १९८३ साली वाहतुकीस खुला झाला, तेव्हा कुठ्ठाळीच्या तरीचे शेकडो वर्षांचे काम सरले.

सरले म्हणावे, तर नद्यांनी ते सहजासहजी मानलेले नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरील पूल कोसळला आणि पणजीकरांस पुन्हा फेरीबोटींच्या रांगेत उभे राहावे लागले. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरील ब्रिटिश अमदानीतला पूल पुरात वाहून गेला, दोन एस.टी. गाड्या माणसांसह नाहीशा झाल्या. ७ ऑगस्ट २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर कारवारचा काळी नदीवरील जुना पूल पडला. पाण्यात पडलेल्या ट्रकचालकास कोळी बांधवांनी वाचविले. तिन्ही घटना पावसाळ्यातल्या. महाराष्ट्रातील चौपदरीकरण एका तपाहून अधिक काळ रेंगाळले, त्याविषयी तर आम्ही लिहिण्याची गरज नाही. गणेशचतुर्थीस गावी जाणारा प्रत्येक वाचक त्याचा साक्षी आहे.

मडगाव सोडून काणकोणाकडे जाताना कुंकळ्ळी लागते. येथील गावकऱ्यांनी १५८३ साली देवळे पाडणाऱ्यांविरुद्ध शस्त्र उचलले. पाच जेझुइट पाद्री मारले गेले आणि पुढे गावच्या पुढाऱ्यांस पोर्तुगीजांनी कपटाने ठार केले. त्यांची शांतादुर्गा त्यापूर्वीच फातर्प्यास गेली होती. ती अजून तेथेच आहे, आणि कुंकळ्ळीकरीण हेच नाव अजून लावते. दरवर्षी शिगम्यात गावकऱ्यांच्या बारा कुळांच्या छत्र्या गुलाल उधळीत, वाजतगाजत फातर्प्याहून निघतात आणि कुंकळ्ळीच्या मूळ जागी येतात.