कुठे तुटलंय, ते आधी सांगा

फोनवर एखादं ॲप उघडलं नाही की स्क्रीनवर ठरलेलं वाक्य येतं: "तुमचं इंटरनेट कनेक्शन तपासा." तपासायचं कसं, ते कोणी सांगत नाही. मग आपण एअरप्लेन मोड चालू-बंद करतो, राउटरचं बटण दाबतो आणि वाट बघतो. नेटवर्क नेमकं कुठे तुटलंय, हा प्रश्न आपल्या डोक्यातही येत नाही. जुन्या कॉम्प्युटरवर मात्र हा प्रश्न विचारल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नसे. त्याचं उत्तर शोधता शोधता लोकांनी जी हत्यारं बनवली, ती मी आजही नोकरीत रोज वापरतो. त्यांची ही गोष्ट.

सुरुवात वायरीपासून करू. १९८५च्या सुमारास इथरनेटचा एक स्वस्त प्रकार प्रमाणित झाला, टेन-बेस-टू. केबल टीव्हीच्या वायरीसारखी दिसणारी एक बारीक कोॲक्सिअल केबल एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे अशी फिरवायची. एका तुकड्याची लांबी जास्तीत जास्त १८५ मीटर, त्यावर जास्तीत जास्त ३० जोड, आणि दोन्ही टोकांना ५० ओहमचं एकेक बूच, म्हणजे टर्मिनेटर. ते बूच नसेल तर सिग्नल टोकाला आपटून उलटा फिरतो आणि मागून येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो. म्हणजे कोपऱ्यातल्या टेबलावर कोणी झाडलोट करताना बूच निघालं, तर अख्ख्या खोलीचं नेटवर्क बंद. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला की सगळी माळ विझायची, तसंच.

मग दोष शोधायचा कसा? केबल मधोमध सोडवायची, तिथे जादा टर्मिनेटर लावायचा आणि एक अर्धा भाग चालतो का बघायचं. चालला तर गडबड दुसऱ्या अर्ध्यात. मग त्या अर्ध्याचं अर्धं. इंजिनिअरिंगला बायनरी सर्च शिकताना आम्ही वहीत आकड्यांच्या रांगा मांडल्या होत्या. तेच काम ही माणसं टेबलांखाली रांगत करत होती.

पण वायर शाबूत असूनही यंत्रं बोलत नसतील तर? १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी स्वीकारलं. त्याच वर्षी जुलैत नॉर्वेमधल्या एका बैठकीत डेव्हिड मिल्स यांनी एक प्रयोग सांगितला. नेटवर्कच्या नियमांत 'एको' नावाचा एक संदेश आधीपासून होता: समोरच्या यंत्राला तो पाठवला की त्याने तसाच परत पाठवायचा. मिल्स यांनी त्याच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजला होता. श्रोत्यांत माइक म्यूस होते, अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतले. डिसेंबरमध्ये त्यांच्या लॅबचं नेटवर्क विचित्र वागायला लागलं, तेव्हा त्यांना ही कल्पना आठवली आणि एका संध्याकाळी बसून त्यांनी प्रोग्राम लिहिला. पाणबुडीच्या सोनारचा आवाज आठवून नाव दिलं 'पिंग'. बर्कलेच्या लोकांनी तो आपल्या युनिक्समध्ये घेतला आणि तिथून तो सगळीकडे पोचला. हेच आपलं सगळ्यांत गाजलेलं काम ठरणार हे ठाऊक असतं तर आणखी एखाद-दोन दिवस दिले असते, अशा अर्थाचं म्यूस यांनी नंतर लिहून ठेवलं. २००० साली मोटार अपघातात ते गेले.

म्यूस यांनीच सांगितलेला एक किस्सा मला फार आवडतो. एका नेटवर्क सांभाळणाऱ्याची केबल मध्येच चाले, मध्येच बंद पडे. त्याने पिंगचं उत्तर आलं की कॉम्प्युटरने 'पिंग' असं मोठ्याने ओरडावं अशी सोय केली, तो आवाज ऑफिसच्या स्टिरिओला जोडला आणि इमारतभर फिरत एकेक जोड हलवून पाहिला. जिथे आवाज थांबला, तिथे दोष.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, व्हीएसएनएलमार्फत. त्यानंतर नऊ दिवसांनी अमेरिकेत विंडोज ९५ बाजारात आलं. त्यात पिंग होतंच. पण इथे पिंगच्याही आधी मोडेमशी झगडावं लागे. मोडेमला हुकूम द्यायची भाषा हेज कंपनीच्या १९८१च्या स्मार्टमोडेमपासून चालत आलेली: प्रत्येक हुकूम 'एटी' या अक्षरांनी सुरू. अमेरिकेतल्या डायल टोनची सवय असलेला मोडेम दुसऱ्या देशातला टोन ऐकून "डायल टोन नाही" म्हणून बसे. उपाय एवढाच की हुकुमात 'एक्स३' जोडायचं, म्हणजे टोनची वाट न बघता नंबर फिरव. फोन चांगला, वायर चांगली, मोडेमही चांगला. फक्त एकाचा सूर दुसऱ्याला ओळखता येत नव्हता.

या सगळ्यातून एक क्रम तयार झाला. आधी १२७.०.०.१ ला पिंग करा, म्हणजे स्वतःलाच हाक मारा. उत्तर नाही आलं तर दोष यंत्राच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये. मग राउटरला, तिथून उत्तर नाही तर वायर, कार्ड किंवा वायफाय बघा. मग बाहेरच्या एखाद्या आयपी पत्त्याला, आणि शेवटी नावाला. पत्ता चालतो पण नाव सापडत नाही, म्हणजे डीएनएसची भानगड. 

गेल्या वर्षी हा क्रम घेऊन मी गावाकडच्या एका वाचनालयात बसलो होतो. विंडोज एक्सपीचा जुना पीसी, त्यात कोणीतरी वर्षानुवर्षं टाइप केलेली पुस्तकांची यादी. नेट लागत नाही म्हणून तो भंगारात द्यायचं चाललं होतं. मी पिंग करत गेलो: स्वतःला, राउटरला, बाहेरच्या पत्त्याला, नावाला. सगळीकडून उत्तर. तरी एकही साइट उघडेना.

"मग बिघडलंय काय?" ग्रंथपाल काकांनी विचारलं.

"काका, तारीख बघा. हा अजून २००५ मध्येच आहे."

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल मेला होता. वीज गेली की घड्याळ मागे. आजच्या साइट ओळख पटवायला सर्टिफिकेट दाखवतात आणि त्यावर मुदत असते. २००५ मध्ये जगणाऱ्या यंत्राला आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच न झालेलं वाटतं. घड्याळं नेटवरून जुळवण्याची एनटीपी ही पद्धत बनवली तीही डेव्हिड मिल्स यांनीच, ज्यांच्या प्रयोगातून पिंग सुचलं.

सेल बदलला, तारीख लावली. मोजक्या साइट उघडल्या, बाकीच्या नाहीतच. कारण एक्सपीचा ब्राउझर सांकेतिक संभाषणाची टीएलएस १.० ही जुनी आवृत्तीच बोलतो आणि २०२०च्या आसपास जगाने ती मोडीत काढली. एक्सपीच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही एप्रिल २०१४ मध्ये थांबल्या. म्हणून मी काकांना म्हटलं, "याचं नेट काढूनच टाकू. यादी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवतो. यादीपुरता हा अजून चालेल."

"म्हणजे पीसी बिघडलेला नाही?"

"नाही काका. जग पुढे गेलंय."

काकांनी भंगारवाल्याला नको म्हणून कळवलं. मला नवल याचं वाटलं, की 'नेट लागत नाही' या तीन शब्दांवर ती सगळी यादी जायला निघाली होती. तुटलंय कुठे हे कळलं, तेव्हा काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवता आलं.

"तुमचं कनेक्शन तपासा" हे वाक्य दोष आपल्यावर ढकलतं आणि हातात काहीच देत नाही. निदान एवढं तरी करून बघा: ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडतं का? वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तेच ॲप चालतं का? दुसरी एखादी साइट चालते का? फोनची तारीख बरोबर आहे का? बऱ्याचदा कळेल की तुमच्याकडे सगळं ठीक आहे, आणि पलीकडे कुठेतरी माझ्यासारखा एखादा इंजिनिअर रात्री उठून पिंग करत बसलाय.