निवळीचं बी आणि नांदुऱ्याचं खारं पाणी

'वनस्पतींच्या बियांनी पाणी शुद्ध करणे' हा विषय पीएचडीसाठी घ्यायचा विचार असेल, तर आधी नांदुरा डोळ्यांसमोर आणा. बुलढाणा जिल्ह्यातला हा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. इथल्या बोअरचं पाणी दिसायला अगदी नितळ असतं, पण घोट घेतला की खारट.

आता मागे जाऊ. निवळी, म्हणजे संस्कृतातलं कतक. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करायची सात साधनं दिली आहेत, त्यांत हे बी आहे. रीत सोपी: बी भांड्याच्या आतून घासायचं, पाणी भरायचं, गाळ खाली बसू द्यायचा. मनुस्मृतीतही कतक आहे: त्याचं फळ पाणी निवळवतं खरं, पण नुसतं नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. तिथला संदर्भ धर्माचरणाचा आहे, पण मला मात्र रिसर्च प्रपोजल वाचताना तो हमखास आठवतो!

खरी गंमत सहाव्या शतकातल्या वराहमिहिराची. बृहत्संहितेच्या दकार्गल अध्यायात तो नागरमोथा, वाळा, आवळा वगैरेंच्या चूर्णात कतक मिसळून विहिरीत टाकायला सांगतो. त्याने कोणतं पाणी सुधारतं? गढूळ, बेचव, दुर्गंधी आणि चक्क खारटसुद्धा. खारपाणपट्ट्यातल्या माणसाची नजर या शब्दावर अडकणारच. पण थांबा.

१९६२ मध्ये सेन आणि बुलुसू यांनी निवळीच्या बियांवर निबंध प्रसिद्ध केला, तो गाळ खाली बसवण्याबद्दल. पुढे सामिया अल अझारिया यान यांनी सुदानमध्ये नाईलकाठच्या बायका शेवग्याच्या बियांनी गढूळ पाणी कसं निवळवतात ते नोंदवलं. तिथेही प्रश्न गाळाचाच. शेवग्याच्या बियांतल्या प्रथिनांवर धन भार असतो, मातीच्या कणांवर ऋण. दोन्ही चिकटतात, गोळे होतात, तळाशी बसतात, आणि बरेच जिवाणूही सोबत जातात. निवळीत हे काम मुख्यतः लांब साखळीच्या शर्करा करतात, कणाला कण बांधून.

मीठ मात्र पाण्यात कण म्हणून नसतंच, ते आयन होऊन विरघळलेलं असतं. बांधायचं कशाला? त्यासाठी आरओ किंवा ऊर्ध्वपातनासारखी पद्धत लागते. वराहमिहिराचं 'लवण' मग काय? माझा अंदाज, वाळ्याच्या वासाने आणि आवळ्याच्या तुरटपणाने चव झाकली जात असावी. चव हेच तेव्हाचं मोजमाप होतं.

तुमच्याकडे मीटर आहे. पुराच्या दिवसांत ज्ञानगंगेचं पाणी घ्या, शेजारी बोअरचं घ्या, दोन्हींत सारखंच बी टाका. गढूळपणा आणि टीडीएस वेगवेगळे मोजा. भारतीय मानकात पर्यायी स्रोत नसेल तर यांची मर्यादा अनुक्रमे ५ एनटीयू आणि लिटरमागे २००० मिलिग्रॅम आहे. नदीच्या नमुन्यात पहिला आकडा झपकन खाली येईल. बोअरच्या नमुन्यात दुसरा आकडा जवळपास तिथेच राहील. आणि हो, बियांचा सेंद्रिय अंश पाण्यात उरतो, ठेवलं तर ते नासतं. म्हणून दुसऱ्या दिवशीचं रीडिंगही घ्याच.