पाटी ज्याची त्यानं आणावी

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं आमच्या गावाबद्दल जग म्हणतं. म्हणो बापडं! पण विद्यार्थ्यानं आपलं यंत्र घरून आणावं, ही नवी म्हणून सांगतात ती कल्पना आमच्याकडे निजामाच्या काळापासून चालत आलेली आहे. त्या यंत्राला आम्ही पाटी म्हणत होतो.

फळा शाळेचा, पाटी ज्याची त्याची. दगडी, लाकडी चौकटीची. पुसायला थुंकी; मास्तर पाहत असले तर ओला बोळा. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, उर्दूचा अंमल संपला. पाटीला त्याचं काय? उजवीकडून लिहा, नाहीतर डावीकडून! पडली की मात्र फुटली. मग थोरल्याची फुटकी पाटी धाकट्याकडे येई, आणि एकोणतीसचा पाढा कोपरा उडालेल्या जागी अर्धवट राही. मास्तर तो पूर्ण मागत.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि पाटीच्या जागी मोबाइल आला. त्याच डिसेंबरात, पुस्तकांना क्यूआर कोड जोडणाऱ्या सोलापूर जिल्ह्यातल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचं जागतिक बक्षीस मिळालं. निम्मं त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकलं. माणूस मोठा! पण कोड वाचायला घरात मोबाइल लागतो. गंगाखेडकडच्या कित्येक घरांत तो एकच, बापाच्या खिशात. आणि बाप ऊसतोडीला गेलेला. गुरुजींचा गृहपाठ भर फडात वाजे. इकडे पोरगं आजीला विचारी, "फोन कधी येतो गं?"

"कारखान्याचा पट्टा पडला की."