बॅटरी बदलावी की नवा फोन घ्यावा?

फोन तीन वर्षांचा झाला की दुपारीच चार्जिंग संपायला लागतं आणि आपण ऑफर्स बघायला लागतो. पण बऱ्याचदा दमलेली असते ती फक्त बॅटरी.

बॅटरी का उतरते?
लिथियम-आयन बॅटरीत प्रत्येक चार्जिंगबरोबर थोडं लिथियम कायमचं अडकून पडतं. उष्णतेने हे आणखी वेगाने होतं. ॲपलच्या मते आयफोन १४ आणि त्याआधीच्या मॉडेल्सची बॅटरी ५०० पूर्ण सायकलनंतर ८०% क्षमता टिकवते. ५०% चार्जिंग दोनदा वापरलं की एक सायकल होते.

पर्यावरणाचा हिशोब
५००० एमएएच बॅटरीत साधारण १९ वॉट-तास ऊर्जा मावते. चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरून रोज २५ वॉट-तास म्हटले, तरी वर्षाला जेमतेम ९ युनिट. फोनचं बहुतांश कार्बन उत्सर्जन होतं ते तो बनवताना. त्यामुळे तोच फोन आणखी दोन वर्षं वापरणं, हीच खरी बचत.

मग अडचण कुठे?
- सुरक्षा: सिक्युरिटी अपडेट बंद झालेल्या फोनवर यूपीआय आणि बँकिंग वापरणं धोक्याचं. अशा फोनला नवी बॅटरी टाकून हा प्रश्न सुटत नाही.
- पाणी: फोन उघडला की वॉटर रेझिस्टन्स पूर्वीसारखा राहीलच असं नाही.
- नकली बॅटरी: स्वस्तात मिळते, पण तापण्याचा, फुगण्याचा धोका असतो. ओरिजिनल महाग पडली तरी तीच घ्या.

कसं ठरवायचं?
१. सेटिंग्जमध्ये शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. अपडेट अजून येत असतील तर बॅटरी बदला. बंद झाले असतील तर बँकिंगसाठी दुसरा फोन बघा. जुना गाणी-व्हिडिओसाठी चालेल.
२. नवा घेताना अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. पिक्सेल ८ आणि गॅलेक्सी एस२४ ला ७ वर्षांचं आश्वासन आहे.
३. दुरुस्तीला देण्याआधी बॅकअप घ्या.

मागचं कव्हर उचललं गेलंय किंवा स्क्रीन वर आलीय? बॅटरी फुगली असेल. चार्जिंग लगेच थांबवा, फोन बंद करा, दाबू किंवा टोचू नका. थेट सर्व्हिस सेंटर गाठा.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्यात दाबली गेली तर आग लागू शकते. २०२२ च्या नियमांनुसार ती घरच्या कचऱ्यापासून वेगळी देणं ही आपली जबाबदारी आहे. बदलून घेताना दुकानदाराला किंवा सर्व्हिस सेंटरला विचारा, ‘जुनी रिसायकलिंगला जाते ना?’