अडीचकीचा हिशेब

आमचे आजोबा किराण्याच्या पेढीवर दिवाणजी होते. कागद न घेता भाव सांगत. गूळ १५ रुपये मण, तर शेर कितीला? मण चाळीस शेरांचा, रुपया सोळा आण्यांचा; म्हणजे शेर आण्याला पडला तर मण अडीच रुपयांना. मग अडीचकी, म्हणजे अडीचचा पाढा, म्हणायची: अडीच सक पंधरा. शेर सहा आण्यांना! पावकी, निमकी, साडेतीनची औटकी शाळेत पोरांकडून घोकून घेत ती यासाठीच. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. आणा हिशेबाने सव्वासहा पैशांचा, पण हाती सहाच येत; तीन आण्यांचे मात्र एकोणीस. पुढे किलो आला, शेर-मण गेले. दशमान सोपे, मान्य. पण तोंडी हिशेबाची ती तालीम शाळांनी सोडायला नको होती.