पेट्रोलवर सुरू होणारं डिझेल

महाराष्ट्रात आज पेट्रोलवरचा ट्रॅक्टर मागणारं गिऱ्हाईक शोधून सापडायचं नाही. पण डिझेलला ट्रॅक्टरच्या बॉनेटखाली आणून बसवण्यात पेट्रोलचाच मोठा हात होता, आणि त्याचा पुरावा एकाच इंजिनात मिळतो.

ते इंजिन शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचं. १९३५ साली या कंपनीने ‘डब्ल्यूडी-४०’ हा अमेरिकेतला पहिला चाकांचा डिझेल ट्रॅक्टर आणला. (गंज काढायच्या त्याच नावाच्या फवाऱ्याशी त्याचं काही नातं नाही.) त्याला डिझेलचा पंप तर होताच, शिवाय कार्बोरेटर, मॅग्नेटो आणि स्पार्क प्लगही होते! सुरू करताना लिव्हर ओढला की प्रत्येक सिलिंडरच्या हेडमधला एक जादा व्हॉल्व्ह उघडायचा आणि बाजूची छोटी पोकळी सिलिंडरला जोडली जायची. जागा वाढली की दाब उतरायचा, इतका की हाताने हँडल मारता यावं. इंजिन ठिणगीवर, पेट्रोलवर सुरू व्हायचं. ते जरा तापलं की लिव्हर परत जागेवर. पोकळी बंद, दाब पुन्हा चढलेला, आणि तेच सिलिंडर डिझेलवर धावू लागायचे.

नेहमी सांगितली जाते ती कुळकथा निराळी आहे. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये आउग्सबुर्गला चाचणीत उतरलं, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला बेंझ-सेंडलिंगने ते नांगराला जुंपलं, आणि इंधन कमी लागतं म्हणून शेतकऱ्याने ते उचललं. हर्बर्ट अ‍ॅक्रॉइड स्टुअर्टचे चाहते पहिलेपणाचा मान त्याच्या १८९०च्या पेटंटला देतात. पण त्याच्या इंजिनात इंधन पेटायचं ते मुख्यतः तापवलेल्या कक्षामुळे, निव्वळ दाबाने नव्हे. तो दावा लंगडाच आहे.

डिझेल इंधन वाचवतं हे खरंच. पण तेवढंच कारण पुरेसं असतं, तर फोर्डचा पेट्रोलवरचा ‘८एन’ १९४७ ते १९५२ या काळात पाच लाखांवर खपला नसता. डिझेल इंजिन मुळातच महाग. वर्षाकाठी मोजकेच तास ट्रॅक्टर चालवणाऱ्याची जादा किंमत वाचलेल्या इंधनातून कधी फिटायची? त्यात थंडीत ते सुरू करायची कटकट. कॅटरपिलरने १९३१ मध्ये आणि जॉन डियरने १९४९च्या ‘आर’मध्ये डिझेल इंजिनाशेजारी चक्क दुसरं छोटं पेट्रोल इंजिन बसवलं, फक्त मोठ्याला जागं करायला. तीन मोठ्या कारखान्यांना एकाच जागी पेट्रोलचा आधार घ्यावा लागतो, तेव्हा खरी अडचण इंजिन सुरू करण्याचीच होती असं मानायला हवं.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आपल्या विहिरीवरूनच येतो. जुन्या ऑइल इंजिनाचा डिकॉम्प्रेशनचा खटका उचलायचा, हँडल मारायचं, जड फ्लायव्हीलने वेग घेतला की खटका सोडायचा. पेट्रोलचा थेंबही नको. दाब उतरवण्याची युक्ती तीच. मात्र हे एका सिलिंडरला जमतं. चार सिलिंडरचं थंडगार धूड हाताने त्या वेगाला नेणं माणसाच्या आवाक्यातलं नव्हतं.

हार्वेस्टरचा तोडगा टिकला नाही. इतकी गुंतागुंत पोटात घेतलेल्या हेडला तडे जात. बॅटरी, सेल्फ आणि ग्लो प्लग भरवशाचे झाले, आणि १९५८च्या ‘५६०’पासून कंपनीचा मोठा ट्रॅक्टर थेट डिझेलवर सुरू होऊ लागला.

त्यानंतर पाचच वर्षांनी, १९६३ मध्ये, महिंद्राने याच हार्वेस्टरशी भागीदारी करून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली. मुंबईत कांदिवलीला बनलेला ‘बी-२७५’ डिझेलवरचाच. भारतातला ट्रॅक्टर-उद्योग उभा राहिला तो हा अडसर निघाल्यावर. म्हणून पेट्रोल की डिझेल हा वाद इथे ट्रॅक्टरपाशी रंगलाच नाही.

तो वाद आज पॉवर वीडरपाशी ऐकू येतो. दोरीच्या एका हिसक्यात सुरू होणारा हलका पेट्रोल वीडर बागेत तास-दोन तास तण काढणाऱ्याला परवडतो. दिवसभर सऱ्यांमधून भाड्याने फिरवणारा जड डिझेलवाला घेतो.