सरकारी कारखाना विकला की सुधारतो? ब्रिटिश स्टीलचा हिशोब जरा वेगळा आहे

सरकारी कंपनी विकायला निघाली की सोशल मीडियावर लगेच दोन गट पडतात. 'खासगी मालक आला की कारखाना सुधारेल' म्हणणारा एक आणि 'देश विकायला काढला' म्हणणारा दुसरा. पहिल्या गटाच्या हातात एक हुकमी उदाहरण असतं, ते म्हणजे मार्गारेट थॅचर यांच्या काळात विकली गेलेली ब्रिटिश स्टील.

तर झालं असं की, १९६७ मध्ये ब्रिटन सरकारने १४ मोठ्या पोलाद कंपन्या ताब्यात घेऊन ही कंपनी उभी केली. कामगार भरपूर, पण भट्ट्या जुन्या आणि कारखाने देशभर विखुरलेले. १९७९-८० या एका वर्षात तोटा सुमारे १८० कोटी पौंडांवर गेला. १९८८ च्या डिसेंबरमध्ये मात्र हीच कंपनी शेअर बाजारात सुमारे २५० कोटी पौंडांना विकली गेली.

गंमत म्हणजे विक्रीआधीच, १९८७-८८ मध्ये कंपनीने ४१ कोटी पौंडांचा नफा कमावला होता. म्हणजे कारखाने सुधारले ते सरकारी मालकीतच!

मग सुधारणा झाली कशी?

१९८० मध्ये इयन मॅकग्रेगर अध्यक्ष झाले. लहान कारखाने बंद करून पोलादनिर्मिती पाच मोठ्या ठिकाणी एकवटण्यात आली. दीड लाखाहून जास्त असलेले कामगार विक्रीपर्यंत पन्नास हजारांच्या आसपास आले. इंग्लंडमधलं कॉन्सेट हे गाव तर पोलाद कारखान्यावरच उभं होतं. १९८० मध्ये तो बंद पडला आणि साडेतीन हजारांवर लोकांची नोकरी गेली. कार्यक्षमतेच्या आकड्यांत ही माणसं दिसत नाहीत. सरकारने कंपनीचं प्रचंड कर्ज माफ केलं, हेही सहसा सांगितलं जात नाही.

अर्थात, खासगीकरणाचं श्रेय शून्य नाही. तोट्यातली कंपनी शेअर बाजारात कोण घेणार? विकायचं ठरल्यामुळेच ती नफ्यात आणण्याची घाई होती. शिवाय सरकार मालक असताना स्कॉटलंडमधल्या रेवन्सक्रेग कारखान्याला राजकीय कारणांनी हात लागत नव्हता. नव्या मालकांनी १९९२ मध्ये तो बंद केला.

पुढे काय झालं?

१९९९ मध्ये एका डच कंपनीत विलीन होऊन 'कोरस' तयार झाली. २००७ मध्ये टाटा स्टीलने ती घेतली. त्यातला स्कन्थॉर्पचा कारखाना टाटांनी २०१६ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला. नव्या मालकाने जुनंच 'ब्रिटिश स्टील' हे नाव लावलं, पण २०१९ मध्ये दिवाळं निघालं आणि २०२० मध्ये चीनची जिंगये कंपनी आली.

२०२५ मध्ये जिंगये इथल्या झोतभट्ट्या बंद करण्याच्या तयारीत होती. झोतभट्टी म्हणजे मिक्सर नव्हे, बटण दाबून बंद-चालू करायला. ती थंड झाली की आतलं लोखंड गोठतं आणि पुन्हा पेटवणं भयंकर खर्चिक होतं. म्हणून १२ एप्रिल २०२५ ला, शनिवार असूनही, ब्रिटनची संसद बोलावली गेली आणि एका दिवसात कायदा करून सरकारने कारखान्याचा कारभार हाती घेतला. मालकी जिंगयेकडेच राहिली, पण भट्ट्या पेटत्या ठेवण्यासाठी लागणाऱ्या कच्च्या मालाचे पैसे सरकारी तिजोरीतून गेले.